कोंडिबा, जरा गप्प बसा

सिनेमा बघायला जातो असं लोक म्हणतात. ऐकायला जातो असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे माझा धंदा काय होता हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं. आमच्या आईची तर शेवटपर्यंत समजूत होती की मी कंपनीत पेटी वाजवतो. भोरला घरी गेलो की शेजारच्या बायका जमायच्या आणि आई म्हणायची, "वाजव रे एखादं पद."

मी रेकॉर्डिस्ट होतो. नटनट्या बोलतील ते फिल्मवर उतरवून घ्यायचं, एवढंच माझं काम. कानाला दोन काळे डबे लावून कोपऱ्यात बसायचं, पुढ्यातल्या पेटीचं बटण फिरवून आवाज कमीजास्त करायचा आणि नको तो आवाज आला की हात वर करायचा. हात वर केला की सगळी कंपनी माझ्याकडे अशी बघायची, जसा काही मीच खोकलो.

माणसाचा कान मोठा लबाड असतो. बायकोने सरपण फोडायला हाक मारली तर ती त्याला ऐकू येत नाही, आणि चहा झाल्याचं मात्र आळीच्या टोकाला उभं असलं तरी कळतं. माइकला ही लबाडी येत नाही. नायिका "प्राणनाथ" म्हणते तेवढ्याच इमानाने तो कावळाही ऐकतो, नायकाचं पोट गुरगुरलेलंही ऐकतो. खळ न काढलेलं नवं कोरं लुगडं नेसून बाई माइकजवळून चालत गेली की कानात गवताची गंजी पेटल्यासारखा आवाज व्हायचा. म्हणून शूटिंगच्या आदल्या दिवशी लुगडी भिजवून, चुरगळून ठेवायची कामगिरी माझ्याकडे असे. कपडेपटवाला माझं तोंड बघत नसे.

हे सगळं बंद स्टुडिओत. दारं लावून, भिंतींना गोणपाट मारून. उघड्यावर बोलता प्रसंग घ्यायचा म्हणजे वेडेपणा, हे तेव्हा सगळ्या कंपन्यांना ठाऊक होतं. आमच्या नरहरपंतांना नव्हतं.

पंत म्हणजे आमचे दिग्दर्शक आणि कंपनीचे निम्मे मालक. उरलेले निम्मे मालक त्यांचे मेहुणे. ते फक्त रागवायला यायचे. कंपनी इवलीशी होती. चित्र ऐतिहासिक होतं. एक शिलेदार मोहिमेवर निघतो, त्याची बायको बांधावर उभी राहून निरोप देते आणि मागे किल्ला दिसतो, असा प्रसंग होता. स्टुडिओत पडद्यावर किल्ला रंगवून पाहिला, तर कुणाच्या तरी धक्क्याने पडदा हलला आणि बुरुजाला पोट सुटलं. पंत म्हणाले, "खरा किल्ला घ्यायचा. खरं रान. आणि आवाजही खरा."

मी मूळचा भोरचा, तेव्हा मुलूख दाखवायचं काम माझ्यावरच आलं. नसरापुरावरून आत वळून, मार्गासनी मागे टाकून वेल्ह्याच्या वाटेवर थोडं पुढे गेलं की डोंगरांच्या मधोमध तोरणा असा उभा राहतो की पंत गाडी थांबायच्या आधीच खाली उतरले आणि पडले. उठून म्हणाले, "हीच जागा."

जागा खरंच देखणी होती. अलीकडे उंच बांध, बांधावर एक जुना आंबा, खाली नदी आणि नदीपलीकडच्या उतारावर पिवळं पडत चाललेलं भात. नवरात्र नुकतंच झालेलं. वाराही नव्हता. मी डबे कानाला लावून बसलो आणि मला फक्त पाणी ऐकू आलं. म्हटलं, पंतांचं नशीब थोर आहे.

आता आमची अडचण सांगतो. मोठ्या कंपन्या चित्र एका फिल्मवर घेत आणि आवाज दुसऱ्यावर. आमच्याकडे दोन्ही एकाच फिल्मवर उतरवणारा कॅमेरा होता. स्वस्तातला. त्यात आवाज बिघडला की चित्रही वाया. तो कॅमेरा चालताना इतका खरखरायचा की त्याच्यावर गावातून मागून आणलेल्या दोन गोधड्या घालाव्या लागत. कॅमेरामन गोधडीत डोकं घालून घामाघूम. फिल्म उरली होती ती थोडी. ती मिळवायला पंतांना कुणाकुणाची दाढी धरावी लागली होती ते मी पाहिलेलं. आणि कुसुमबाई, म्हणजे शिलेदाराच्या बायकोचं काम करणाऱ्या नटी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईला जाणार होत्या, त्या पुन्हा सापडणार नव्हत्या. हा एक प्रसंग उरला होता. तो झाला तर चित्र पुरं, नाही तर कंपनीला टाळं.

नायक रमाकांतराव बांधावर येऊन उभे राहिले. कुसुमबाईंनी पंचारती घेतली. पंतांनी हात खाली केला. गोधडीखाली कॅमेरा खरखरू लागला. कुसुमबाईंनी डोळे वर केले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जावं. मागं वळून बघू नये. मी आहे इथं—"

"हाऽऽऽऽ हुर्र्या! हाऽऽऽ!"

डब्यांतून तो आवाज माझ्या कानात असा शिरला की मी स्टुलावरून खाली आलो. हात वर करायची गरज पडली नाही.

नदीपलीकडच्या भातात चार वाशांवर एक माळा उभा होता आणि माळ्यावर एक माणूस गोफण फिरवत पाखरं हाकत होता.

पंत मला म्हणाले, "तुमचाच मुलूख. तुम्ही सांगा जाऊन."

मी धोतर वर खोचून नदी ओलांडली. माणूस पन्नाशीचा, काटकुळा, छाती मात्र ढोलासारखी. त्याचं नाव कोंडिबा. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी म्या गप बसायचं," तो म्हणाला.

"थोडा वेळच."

"म्या बसतो वं. पाखरास्नी सांगितलंय का?"

मी वळून नदीपलीकडे पंतांकडे पाहिलं.

"न्हाई, तुमचा शिनेमा हाय, माजं भात हाय. तुमची बाई बोलस्तवर हितं राघू उतरलं तर वरीसभर काय खाऊ? तुमचं ते डबं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी भोरच्या माझ्या वडिलांचं नाव सांगितलं, गावातल्या दोनचार ओळखी काढल्या, पान दिलं. शेवटी तो म्हणाला, "बरं. पावनं म्हनून आलायसा. बसतो गप. झालं की सांगा."

मी परत आलो. कॅमेरा सुरू झाला. कुसुमबाई म्हणाल्या, "जावं. मागं वळून—"

"झालं का वंऽऽऽ?"

पंत ओरडले, "नाही!"

"काऽऽय म्हनलं?"

"नाही झालं!"

"मंग सांगा झाल्यावं! म्या गपच हाय!"

गप्प राहिलेल्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पंतांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. ती पगडी शूटिंगच्या सामानातलीच होती. पंतांना राग आला की ते जवळचं कोणतंही शिरोभूषण घालून काढत.

पुढच्या खेपेला वाक्य अर्ध्यावर गेलं. मग पलीकडून काकुळतीचा आवाज आला, "अवो पाखरं बसली वंऽऽ! लई बसली!" खरंच बसली होती. आमच्या बाजूने दिसत होतं, सगळा उतार हिरव्या राघूंनी हलत होता. कोंडिबाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, आणि जेवढं बाहेर आलं ते त्यातून सुटलेलं होतं.

तेव्हा पंतांना युक्ती सुचली. प्रसंगात नायकाच्या मागे दाढीमिशा लावलेले शिलेदार उभे होते. त्यांतले निम्मे काढले तरी चालण्यासारखं होतं. पंत त्यांना म्हणाले, "तिकडे जा. भातात उभे राहा आणि पाखरं हाका. पण मुक्याने. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शेले हलवा, तलवारी हलवा."

शिलेदार पलीकडे गेले. भाताच्या रानात पसरून उभे राहिले आणि लाकडी तलवारी, शेले, ढाली वरखाली करू लागले. माळ्यावर कोंडिबा तोंड दाबून बसलेला. सगळं निःशब्द. पुढे इतकी वर्षं मी या धंद्यात काढली, पण तेवढी मोठी लढाई इतकी बिनआवाजाची पाहिली नाही. राघू उडाले. पंतांनी हात खाली केला.

त्याच वेळी कोंडिबाची बायको सगुणाबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानाच्या कडेला आली. तिला या करारातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच: आपल्या भातात दाढीवाले उघड्या तलवारी नाचवतायत आणि आपला नवरा माळ्यावर तोंड धरून बसलाय.

ती किंचाळली. तिने तोंड उघडलेलं पाहताच मी डबे काढले होते, म्हणून कान वाचले. रमाकांतरावांच्या हातातली ढाल मात्र खाली पडली.

"अगं ए, शिनेमा हाय!" कोंडिबा ओरडला.

"काय हाय?"

"शिनेमा! गप बस!"

"त्यांनी भात तुडवलं आन म्या गप बसू?" तिने पाटी खाली ठेवली, कडेला पडलेली काठी उचलली आणि शिलेदारांच्या मागे लागली. शिलेदार पळाले. पंतांनी मुक्याने राहा म्हणून बजावलेलं होतं, तेव्हा ते बिचारे मारही मुक्यानेच खात होते. कंपनीच्या नोकरीत एवढी शिस्त मी पुन्हा पाहिली नाही.

कोंडिबाने खाली उतरून तिची समजूत घातली. ऊन आता उतरायला लागलं होतं. किल्ल्यावर पिवळा उजेड आला होता, आणि कॅमेरामन गोधडीतून डोकं काढून सारखा आभाळाकडे बघत होता. कुसुमबाईंनी आरतीतली विझलेली निरांजनं पुन्हा लावली. त्यांचा गळा बसत चालला होता, पण तक्रार नाही. त्या म्हणाल्या, "या वेळी होईल बघा."

झालं ते निराळंच. शिलेदारांनी आणि सगुणाबाईंनी मिळून उडवलेले सगळे राघू नदीवरून थेट आमच्याकडे आले आणि आंब्यावर उतरले. माइक त्याच आंब्याच्या फांदीला बांधलेला. कानात असा गोंगाट सुरू झाला, जसं काही हजार जण एकदम सुपारी कातरतायत. आम्ही खालून टाळ्या वाजवल्या, काठ्या मारल्या. शहरातल्या माणसांना पाखरं ओळखतात. एक राघू हलेना.

शेवटी पंत मला म्हणाले, "त्याला ओरडायला सांगा."

मी तोंडाशी हात धरले. "कोंडिबाऽऽ! ओरडा!"

पलीकडून आलं, "आता वरडू म्हनता?"

"होऽऽ!"

"नक्की का?"

"ओरडा हो!"

"आवो पन इतक्या लांबनं तितली पाखरं उटायची न्हाईत. म्याच येतो."

तो गोफण घेऊन नदी ओलांडून आला. आंब्याखाली उभा राहिला, वर बघितलं, गोफणीत दगड घातला. मी "माइक, माइक!" म्हणेपर्यंत गोफण फिरली होती. दगड माइकला चाटून गेला, फांदीवर आपटला आणि रमाकांतरावांच्या दिशेने उलटला. ऐंशी गनिमांना एकटा लोळवणारा आमचा नायक शेल्यासकट बांधाखालच्या चिखलात गेला. राघू उडाले. माइक बचावला. रमाकांतराव वर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत काळे होते, पंत त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "मोहिमेवर निघालाय. चिखल शोभतो." एक फायदाही झाला. सकाळपासून त्यांच्या नव्या वहाणा कर्र कर्र वाजत होत्या आणि काढायला ते तयार नव्हते. चिखलाने त्या मुक्या झाल्या.

आता कोंडिबाला परत जायला वेळ नव्हता. त्याला मी माझ्या शेजारी स्टुलाजवळ बसवलं. राखणीला पलीकडे सगुणाबाई होत्या, आणि त्या म्हणाल्या होत्या, "म्या न्हाई वरडत. काठी हलवीन."

फिल्मचा शेवटचा तुकडा होता. एवढाच.

पंतांनी हात खाली केला. कॅमेरा गोधडीखाली खरखरला. कुसुमबाईंनी निरांजन ओवाळलं आणि बसक्या गळ्याने म्हणाल्या, "जावं. मागं वळून बघू नये. मी आहे इथं." माझ्या कानात नदी होती, तिच्यावर त्यांचा आवाज आणि दुसरं काहीही नाही. असा आवाज मी स्टुडिओत गोणपाटाच्या आड कधी पकडला नव्हता. रमाकांतराव वळले, बांधावरून चालत निघाले. कुसुमबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पंत "कट" म्हणेनात. त्यांना ते बघणं सोडवत नव्हतं.

मी सहज शेजारी पाहिलं. कोंडिबा नदीपलीकडे बघत होता. त्याच्या भातावर पाखरं उतरत होती आणि सगुणाबाई काठी हलवायची सोडून दोन्ही हात गालांना लावून आमचा प्रसंग बघत उभ्या होत्या. कोंडिबाचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. त्याने मुंडाशाचा शेव तोंडात कोंबला. मी त्याचा दंड धरला. त्याने मान हलवली, की होय, होय, आहे मी गप्प. डोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्याच्या. रमाकांतराव आंब्यापलीकडे दिसेनासे होत होते. अजून थोडं, अजून थोडं.

"हाऽऽऽऽ हुर्र्या!"

कुसुमबाई दचकल्या, त्यांनी झटकन मान वळवली, हातातलं निरांजन कलंडलं आणि डोळे भरून आले. तेल हातावर सांडलं होतं हे नंतर कळलं. कॅमेऱ्यात खट्ट आवाज झाला. फिल्म संपली.

कोंडिबा तोंडातून निसटलेला शेव मुंडाशात खोचत म्हणाला, "झालं का वं?"

पंत बांधावर बसले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे पुसायची वेळ आली. म्हणाले, "झालं बाबा. झालं एकदाचं."

करायला दुसरं काही नव्हतंच. तो तुकडा तसाच चित्रात गेला. शिलेदाराला त्याच्या सोबत्याने दुरून हाक दिली, असं लोकांनी धरून चालावं अशी आमची आशा होती. लोकांनी तसं धरलं की नाही ते कळायला फारसे लोकच आले नाहीत. पुण्यात चित्र लागलं आणि उतरलं. पंत पुढे एका शाळेत चित्रकला शिकवायला गेले. पोरं त्यांच्यावर खूश असायची म्हणे. मला त्यांची मोठी हळहळ वाटते. त्यांच्याइतका खऱ्या आवाजाचा हट्ट धरणारा दिग्दर्शक मला पुन्हा भेटला नाही.

कंपनी मोडल्यावर मी काही दिवस एका फिरत्या तंबूवाल्याकडे यंत्रं सांभाळायला राहिलो. जत्रांमधून जुनीपानी चित्रं दाखवायचा तो. एका चैत्रात आमचा तंबू वेल्ह्याकडच्या जत्रेत लागला आणि त्याच्या पेट्यांतून आमचंच चित्र निघालं. मी गावात निरोप पाठवला. कोंडिबा नव्या मुंडाशात आला. सगुणाबाई आणि अर्धी वाडी बरोबर.

मी त्यांना पुढे बसवलं. प्रसंग आला. कुसुमबाई बोलल्या, रमाकांतराव निघाले, कर्ण्यातून हाळी उठली. वाडीतली माणसं खिदळली, कोंडिबाच्या पाठीवर थापा पडल्या. खेळ संपला तेव्हा कोंडिबा माझ्याकडे आला. चेहरा गंभीर.

"पावनं, ह्ये बरं न्हाई केलं."

"काय झालं?"

"म्या इतका वरडलो. आन तुमी दुसऱ्याचाच आवाज घातला."

"अहो, तुमचाच आहे तो."

"माजा आवाज म्या वळकत न्हाई व्हय? ह्यो कोन बेंबटा हाय! बारक्या गळ्याचा!"

धंद्यातला अनुभव सांगतो: स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून "हा माझाच" असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मोठमोठे गवई यंत्रावर संतापलेले मी पाहिलेत. आपण आपल्याला आतून ऐकतो, लोक बाहेरून. हे मी कोंडिबाला नाना परींनी सांगितलं. तो ऐकेना. सगुणाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ह्यांचाच हाय. रोज ऐकतीया न्हवं मी." त्यावर तो बायकोवरही चिडला.

दुसऱ्या खेळाला तो पुन्हा आत शिरला. मी यंत्राजवळ होतो. बांध आला, आंबा आला, कुसुमबाईंनी निरोप दिला. कर्ण्यातून हाळी निघणार तोच अंधारात कोंडिबा उठून उभा राहिला, छाती भरून घेतली आणि दिली. तंबूची कनात थरथरली. बाहेरच्या बैलांनी माना वर केल्या. कर्ण्यातला बारीक आवाज त्यात कुठल्या कुठे विरून गेला. आणि पडद्यावर कुसुमबाईंनी दचकून मान वळवली, ती नेमकी त्याच्याकडे. त्यांचे डोळे भरून आले. सगळा तंबू गपगार झाला. पहिल्या खेळाला खिदळलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

तंबूवाला धावत आला, त्याला बाहेर काढायला. पण लोक "पुन्यांदा! पुन्यांदा!" म्हणू लागले तसा तो थबकला. खेळ संपल्यावर कोंडिबाला बाजूला घेऊन म्हणाला, "जत्रा उठेपर्यंत रोज याल का?"

"कसं जमंल? रानात कामं पडल्याती," कोंडिबा म्हणाला.

"येत्याल की," सगुणाबाई म्हणाल्या. "घरात वरडन्यापरीस हितंच वरडू द्या."

तो रोज आला. दुसऱ्या दिवसापासून ती जागा आली की मी कर्ण्याचा आवाज पार उतरवून ठेवू लागलो, म्हणजे त्याला मोकळं रान मिळावं. जत्रा उठली त्या दिवशी तो निरोप घ्यायला यंत्रापाशी आला. गळा पार बसला होता, तोंडातून नुसती हवा येत होती. तरी खूश होता.

"आता कसं," तो कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आता माजा आवाज बराबर निगाला. तुमचं यंतर सुदारलं बगा."

मी म्हटलं, हो. सुधारलं खरं.